धुतलेली काच

माझी बायको गेली त्याला आता नऊ महिने झाले. तेराव्याला पोरानं तिचा फोटो भिंतीवर लावला. मतदानाच्या कार्डावरचा, मोठा करून आणलेला. गाल बसलेले, डोळे फोटोवाल्यावर वटारलेले. सून रोज सकाळी त्याला हार घालते आणि रोज सकाळी माझं डोकं फिरतं. ही कोण? मी जिला लग्न करून वैशाखऱ्याला, आमच्या गावी, आणली ती ही नव्हे. पण ती कशी दिसायची ते मलाच आता आठवत नाही. डोळे मिटले की खाटेवर पडलेली शेवटची म्हातारीच पुढे येते. तिचा विशीतला चेहरा एकदा काचेवर आला होता. तो मी माझ्या हातानं पुसला. चौथी शिकलोय, लिहिण्यात चुका असतील. असू देत.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. वैशाख होता. मुंबईचा एक साहेब आला. आपलाच मराठी माणूस, पण गुडघ्यापर्यंत चड्डी घालायचा म्हणून साहेब. धसईपर्यंत बैलगाडी, तिथून पुढं त्याच्या पेट्या माझ्या डोक्यावर. एका पेटीत कॅमेरा, लोहाराच्या भात्यासारखा लांबणारा. एका पेटीत भिंगं, एकेक भिंग मखमलीत निजवलेलं. माझ्या बायकोकडे तेव्हा दोन लुगडी होती आणि त्याच्या भिंगांना मखमल. तीन पायांची लाकडी घोडी वेगळी, खाली लोखंडी अण्या. काळं फडकं, लाल काचेचा कंदील, औषधाच्या बाटल्या. आणि सगळ्यात जड ती काचांची पेटी. आत बारा खाचा. पाटीएवढी एकेक काच एकेका खाचेत उभी. "पडलास तरी चालेल, पेटी पडता कामा नये," असं मला हसत म्हणाला. मी पण हसलो. तेव्हा हसायचोच आम्ही.

त्याला माणसं नको होती. झाडावरची फुलं, किडे आणि आभाळ. आभाळासाठी रात्री कॅमेऱ्याचं तोंड वर करून भिंग तासन् तास उघडं ठेवायचा. धुरानं तारे मळतात म्हणून गावाला सांगितलं, दोन दिवस राब पेटवू नका. भाताचं रोप टाकायचं ती जमीन आम्ही पालापाचोळा घालून भाजतो, त्याला राब म्हणतात. तो भाजायचा दिवस आमचा, हुकूम त्याचा. गावानं ऐकलं. मीही ऐकलं.

किड्याचा फोटो काढायचा तर भाता पुरा ओढायचा आणि भिंग पार किड्याच्या नाकाशी न्यायचं. मग उजेड कमी पडतो, म्हणून दहा आकडे मोजेपर्यंत काही हलायचं नाही. त्याला सोनकिडा पाहिजे होता. हिरवा, पाठीवर उन्हात सोनं चमकतं तो. मी धरला तर माझा हात कापायचा. साहेब वैतागला. बायको पाण्याची कळशी घेऊन उभी होती, ती म्हणाली,

"तुमचा हात म्हंजे पिंपळाचं पान. सरा बाजूला."

तिनं किडा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवला. गार होऊन सुस्त पडला. मग अंगठ्यावर बसवला आणि हात चौरंगावर टेकला. साहेब फडक्याखाली शिरला. दहा आकडे झाले, वीस झाले. ना किडा हलला, ना ती.

"बाई, तुम्ही माझी घोडी लाजवलीत," साहेब म्हणाला.

"मंग आता माजा काडा. किड्यामुंग्यांचं काडता, मानसानं काय पाप केलंय?"

मी डोळे वटारले. बाईमाणूस परक्याशी असं बोलत नसे. साहेब म्हणाला, पेटीतल्या सोडून जादा काचा मोजक्याच उरल्या आहेत. ती म्हणाली, "मी काय आभाळायेवडी हाय? येकच लागंल." शेवटी काढला. अंगणात, पेरूखाली. ती किड्यासारखीच गप्प बसली.

संध्याकाळी शेळ्यांच्या खोपटात लाल कंदील लावून त्यानं काचा औषधात बुडवल्या, वाळवल्या. सकाळी त्याला घाट चढून जुन्नरकडे जायचं होतं. पेटीच्या बारा खाचा भरलेल्या. अकरांत फुलं आणि किडे, बारावीत तारे. माझ्या बायकोला तेरावी खाच नव्हती. तिची काच वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "जपून ठेव," म्हणाला. एवढंच. पुढं एक अक्षर नाही. भिंग कसं पुसायचं ते मला तीनदा सांगितलं होतं त्या माणसानं.

तो गेल्यावर आम्ही काच दाराच्या उजेडात धरली. तोंड काळं ठिक्कर. केस पांढरेफटक. गळ्यातले काळे मणी पांढरे. आणि कपाळावर कुंकवाच्या जागी पांढरा ठिपका.

बायको आधी हसली. "म्हातारी झाल्यावर आशी दिसंन मी."

माझी आई हसली नाही. तिनं काच हिसकावली. "पांढरं कुकू! काळं त्वांड! सवाशिणीचं आसं काडतात? तुज्या नवऱ्याच्या जिवावर उठलाय त्यो. पोटूशी हायस, समजतं का तुला? ह्ये घरात ठेवायचं नाय रे. आत्ताच्या आत्ता धू."

"आत्या, राहू द्या ना," बायको म्हणाली. "गाडग्यात ठेवते, कोन बघतंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय करावं? मी आईकडे बघितलं. चौथी शिकलेला मी, पांढऱ्या ठिपक्याला घाबरलो. कढत पाणी घेतलं, राख घेतली, काथ्या घेतला. दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा निघाला. त्या पापुद्र्यावर ती होती. बोटानं ओढून शेणाच्या खड्ड्यात टाकली.

काच मात्र छान निघाली, स्वच्छ. ती चुलीवरच्या कौलांत बसवली. भाकऱ्या थापताना उजेड यायला लागला. आई म्हणाली, "बघ, कामाला आली."

भात कापणीला आला तेव्हा धसईहून टपाल आलं. सोनकिड्याचा फोटो, कागदावरचा, आणि चिठ्ठी. चिठ्ठी मला आजही पाठ आहे. "सोनकिडा उत्तम आला आहे. बाईंचा हात जराही हलला नाही, त्यांना सांगा. त्यांच्या फोटोची काच कापसात गुंडाळून पाठवा, म्हणजे कागदावर उतरवून देतो. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, घाबरू नका."

घाबरू नका! पाच महिन्यांनी सांगतो, घाबरू नका. अरे, दारात उभा होतास, तेव्हा तोंडात काय धरलं होतंस?

बायको विळा टाकून आली. "काय लिवलंय?"

"किडा चांगला आला म्हनतो. तुजा हात हलला नाय म्हनतो."

"आन माज्या फोटूचं? किड्यावानी माजाबी कागुद त्याच्याकडं आसंलच की."

मी चिठ्ठी घडी घालून खिशात टाकली. "त्याचं काय नाय लिवलं."

"इसरला आसंल. मोठी मानसं."

पुढं जन्मभर ती त्याला शिव्या देत राहिली. "माजा फोटू खाल्लान मेल्यानं," असं लेकीला सांगायची, सुनेला सांगायची, नातवंडांना सांगायची. मी शेजारी बसून सुपारी कातरायचो. तो साहेब माझ्या वाटणीच्या शिव्या खात राहिला. साठ वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं. आई मेली, तेव्हा सांगता आलं असतं. शेवटच्या आजारात तीन महिने मी तिच्या खाटेशी होतो, तेव्हाही नाही. तिनं माफ केलं असतं, मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त राग येतो. साहेबाचा येतो, आईचा येतो, आणि खरा कोणाचा येतो ते तुम्हाला कळलंच असेल.

परवा मी ट्रंकेतून सोनकिड्याचा फोटो काढला. कागद पिवळा झालाय, किडा अजून तेजात. खाली अंगठा. त्या भिंगानं त्यावरची रेघ न् रेघ धरलीय. नखात माती. सांध्यावर विळ्याचा वण, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या कापणीचा. विसाव्या वर्षाची तेवढीच उरलीय ती. मी भिंतीवरचा कार्डाचा फोटो उतरवला आणि हा लावला.

सकाळी सून हार घेऊन आली ती थबकलीच. पोराला हाक मारली. पोरगा म्हणाला, "दादा, लोकं हसतील. किड्याला हार घालायचा?"

"किड्याला नको," मी म्हणालो. "जरा खाली सोड. आंगठ्याला लागू दे."

मग दोघांना समोर बसवलं आणि काचेची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. पोरगा उठून चुलीपाशी गेला आणि कौलांतल्या त्या काचेकडे बघत उभा राहिला. मी ओरडलो, "वर बघून काय मिळनार हाय रे तिथं? मी चांगली घासलीय ती."