रंगनाथमामांचा भरवसा

रंगनाथमामा घराला कुलूप लावायचे आणि रस्त्यानं जो कुणी चाललेला असेल त्याला ते ओढून बघायला सांगायचे. त्यानं ओढलं, की मामांचे डोळे बारीक व्हायचे. "एवढा जोर लावून कशापायी ओढलास बे?" पाण्याचा टँकर आला तर आधी त्याच्या पोटावर दगड वाजवून बघत, मग घागर पुढे करत. दुकानदार, तलाठी, सख्खा जावई, कुणी म्हणून सुटलं नाही. "माणूस देवावानी असला तरी खिसा शिवून घ्यावा," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. असल्या माणसाच्या शेजारी नांदणं म्हणजे काय ताप असतो ते माझं मला माहीत!

मामा फौजेत सुरुंग शोधायच्या कामावर होते. पेन्शनीत गावी आले, तेव्हा उपसा सिंचन सोसायटीच्या पाइपांची पितळी तोंडं गाळाखाली गेलेली होती. मामांच्या सांगण्यावरून सोसायटीनं जमिनीतला धातू हुडकणारं मशीन घेतलं. पण दुष्काळ पडला, नदीच आटली, तोंडं सापडून तरी उपयोग काय? सोसायटीला टाळं लागलं आणि मशीन मामांकडेच राहिलं. चेअरमनच्या घरी ते ठेवायला मामांचा जीव धजेना.

सुरुवातीला मशीन पावलापावलाला बोंबलायचं. आमच्या मातीत तुटके फाळ, बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या, खिळे, काय नाही! मग मामांनी एक दिवस अंगणात खिळा ठेवला, शेजारी मामींचं चांदीचं जोडवं ठेवलं आणि बटण हळूहळू फिरवत बसले. खिळ्यावर मशीन मुकं झालं, जोडव्यावर बोललं, तेव्हा मामांच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

त्या साली घरचे सगळे ऊसतोडीला गेले. लेक अंगावर पीत होती म्हणून मी एकटी मागे राहिले. निघण्याआधी घरातली चांदी जमिनीत पुरायची ही आमच्याकडची रीत, आणि पुरायचं काम सासू एकटीच करायची. सासू तिकडे उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीतच तापानं गेली, काही सांगायची उसंत तिला मिळाली नाही. माणसं परतली. नेहमीची चुलीमागची जागा उकरली, तर नुसती माती. दीर माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्यानं तर माझ्याकडे बघायचंच सोडलं. ते मला जास्त लागलं. बाजाराच्या दिवशी मला माहेरी नेऊन घालायचं ठरलं, आणि ते कायमचंच होतं.

तरी एकदा खात्री म्हणून दीरांनी मामांना मशीन घेऊन बोलावलं. घर झालं, अंगण झालं, रिकामा गोठा झाला. जनावरं चाऱ्याच्या छावणीला होती. मशीननं हूं की चूं केलं नाही. दीर मला म्हणाले, सुमन, आता बोचकं बांध.

मामा मात्र हलले नाहीत. ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता त्यांनी मला विचारलं, सासू चांदी कशात ठेवायची? मी सांगितलं, तुपाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, आणि वरून विळ्याचं पातं ठेवायची, धनाला नजर लागू नये म्हणून. मामांचा हात थांबला. त्यांनी मला पायातलं जोडवं काढायला लावलं. नवरा जिवंत समोर उभा असताना जोडवं काढायचं! मी डोळे मिटून ते ओढून काढलं. मामांनी ते एका गंजक्या डब्यात घातलं, झाकण लावलं, वर विळा ठेवला आणि मशीन फिरवलं. आवाज नाही.

"मीच त्याला लोखंड आईकू नको म्हनलंय," मामा म्हणाले. "चांदी लोखंडाच्या पोटात बसली तर त्ये काय बोलंल?"

दीर म्हणाले, पण आई तर चुलीमागंच पुरायची.

"ह्या पोरीवर माझा भरवसा न्हाई," मामा म्हणाले. "पर तुझ्या मायवर त्याहून न्हाई. सून घरात एकली ठिवून ती चुलीमागं पुरंल व्हय?"

मेलेल्या म्हातारीवर संशय घ्यायची छाती गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. मामांनी बटण उलटं फिरवलं, आणि मघाशी मुका असलेला गोठा नुसता कोकलायला लागला. दर आवाजाला नवरा आणि दीर खणत होते. पत्र्या निघाल्या, खिळे निघाले, साखळीची कडी निघाली. दुपार कलल्यावर बैलाच्या खुंट्यापाशी विळ्याचं पातं लागलं आणि त्याखाली डबा. तोडे, सरी, सगळं जागच्या जागी. नवरा डबा मांडीवर घेऊन खड्ड्यातच बसून राहिला. माफी कुणी मागितली नाही. मामांनी जोडवं माझ्या तळहातावर ठेवलं. "तुझंच हाय का नीट बघ," म्हणाले. मला रडता रडता हसू आलं.

पुढं मामा थकले, खाटेला लागले, आणि एक दिवस त्यांनी मशीन माझ्याकडे पाठवून दिलं. गाव चाट पडलं. मी भेटायला गेले, विचारलं, मामा, बसला म्हणायचा का माझ्यावर भरवसा?

"न्हाई," मामा म्हणाले. "सेल काढून घेतलेत."

मामा गेले त्या दिवशी ते सेल त्यांच्या उशाखाली निघाले, फडक्यात बांधलेले. सुमनलाच द्या, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, असं त्यांनी मामींना बजावून ठेवलं होतं. गाठ मात्र इतकी घट्ट मारलेली, की मला ती दातांनी सोडावी लागली.