कवेलू पुरतील तेवढा तबेला

काटोलकडच्या एका मालगुजार जमीनदाराच्या जुन्या बागेत घोड्यांचा तबेला आहे, तेच आमचं घर. हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, "मग जेवायला काय, कडबा?" मीही हसले. तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून पाहते.

तबेला म्हणजे लांबच लांब रांगेतल्या दगडमातीच्या खोल्या. प्रत्येक खोलीत भिंतीला गव्हाण आणि घोडा बांधायची लोखंडी कडी. माझे आजोबा इथल्या घोड्यांची देखभाल करायचे. पुढे घोडे गेले, मालक नागपूरला राहायला गेले आणि बाबा संत्र्याच्या बागेची राखण करत तिथेच राहिले. एका खोलीत आमची चूल, दुसरीत झोपणं. दहावीनंतर तिसरी खोली मला मिळाली. तिथल्या गव्हाणीवर फळी टाकली की टेबल व्हायचं. त्यावर अभ्यास करून मी नागपूरच्या कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच.

फाटकाकडच्या टोकाची खोली मात्र बाबांनी रिकामी ठेवली होती. शेवटचा पांढरा घोडा तिथे असायचा. लहानपणी आजोबा बाबांना त्याच्या पाठीवर बसवून विहिरीपर्यंत नेत. ती खोली बाबा रोज झाडत आणि दसऱ्याला तिथल्या कडीला झेंडूची माळ बांधत. माणसांना जागा नाही आणि घोड्याच्या नावाने खोली, असं आई बोलून दाखवायची. पण तिनेही तिथे कधी सरपण ठेवलं नाही.

तबेला पडत गेला तो छपरापासून, म्हणजे कौलांपासून; आमच्याकडे त्यांना कवेलू म्हणतात. माकडं संत्र्यांवर येतात आणि हाकलली की कवेलूंवरून उड्या मारत जातात. दर उन्हाळ्यात बाबा कवेलू फेरायचे, म्हणजे सगळे उतरवून, फुटके काढून, पुन्हा लावायचे. आधी नवे मिळत. मग जवळच्या कुंभाराने कवेलू करणं सोडलं. मालकांकडे टिनाच्या पत्र्यांचा विषय काढला की ते चिडत नसत, "पाहू" म्हणत. शेवटी बाबांनीच मार्ग काढला. पलीकडच्या टोकाची एक खोली उघडी करायची आणि तिच्या कवेलूंनी बाकीच्या झाकायच्या. उघड्या खोलीच्या भिंतींतली माती पावसात धुऊन जायची, दगड सुटायचे, मग तिथे कडुनिंबाचं रोप उगवायचं. असं करत करत पडझड आमच्याकडे सरकत आली. लहानपणी मला वाटायचं, बाबा तबेला वाचवत आहेत. अजूनही तसंच वाटतं, पण पडलेल्या खोल्यांकडे पाहिलं की थोडी गोंधळते.

यंदा मे महिन्यात घरी गेले तेव्हा आमच्या तीन आणि घोड्याची एक, अशा चारच खोल्यांवर छप्पर उरलं होतं. आम्ही कवेलू उतरवून अंगणात रचले आणि तेव्हाच दिसलं की चांगले निघालेले तीन खोल्यांपुरतेच आहेत. रांगेने पाहिलं तर पाळी माझ्या खोलीची होती.

भाकरी वाढताना आई म्हणाली की पोरगी तर नागपुरातच असते, तिची पुस्तकं आपल्या खोलीत ठेवू. मी लगेच हो म्हटलं. सुट्टीचे दिवस ते किती, चुलीपाशी झोपेन. बाबा हात धुऊन अंगणात कवेलूंपाशी गेले. जेवणानंतर मी गव्हाणीवरची फळी काढली, पुस्तकं पोत्यात भरली. पोत्याचं तोंड बांधताना मनात आलं, आता घरी पाहुण्यासारखं यावं लागेल.

सकाळी उठून बाहेर आले तर बाबा शिडीवर होते. माझ्या खोलीवर अर्धे कवेलू लागलेही होते. फाटकाकडच्या टोकाच्या खोलीवर नुसते वासे.

आई अंगणातून म्हणाली, "काय करून राहिले जी? तिचं सामान त निघालं ना."

"मंग परत ठेव म्हणा तिले."

"अन् घोड्याची खोली?"

बाबांनी हातातला कवेलू बसवला, जरा दाबून पाहिला. "घोडा काई वापस येत नाही," ते म्हणाले. "पोरगी त येते ना."

आई आत गेली आणि तिने चहा ठेवला. मी खालून एकेक कवेलू वर देत राहिले. काम संपल्यावर बाबा टोकाच्या खोलीत गेले, त्यांनी कडीची गेल्या दसऱ्याची सुकलेली माळ सोडली आणि विहिरीजवळच्या तुळशीत टाकली. मी पोतं सोडून पुस्तकं पुन्हा लावली.

परवा घरून फोन आला. तिकडे जोराचा पाऊस झाला होता. "तुह्या खोलीत एक थेंब नाही," बाबा म्हणाले. टोकाच्या खोलीचं विचारावं असं ओठांवर आलं होतं, पण मी एवढंच म्हटलं, शनिवारच्या बसने येते.