दोन ठोकळ्यांमधली रेघ

जुन्या चित्रांच्या दुकानात एकोणिसाव्या शतकातलं एक छापचित्र पाहिलं. जहाज बुडतंय. पाण्यातल्या बाईनं हात वर केलाय, होडीतल्या माणसानं वाकून हात पुढे केलाय, आणि दोन्ही हातांच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेघ आहे.

"मोठं चित्र तेव्हा लाकडाच्या वेगवेगळ्या ठोकळ्यांवर कोरायचे, ताई," दुकानदार म्हणाले. "एका कारागिराच्या वाट्याला बाई, दुसऱ्याच्या होडी. ठोकळे जोडताना फट राहिली की अशी रेघ उमटायची. शाईनं भरून देऊ?"

पुरात माझ्या भावाची बोटं माझ्या बोटांपासून एवढीच लांब होती.

"भरा," मी घाईनं म्हणाले.

त्यांनी बारीक कुंचल्यानं रेघ काळी केली. मी चित्र डोळ्यांजवळ धरलं. हात अजून तेवढेच लांब होते.