उलटं शिवलेलं हृदय

तिला सगळे टाचणी म्हणत. काम करताना ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं तोंडाच्या कोपऱ्यातून आणि मोजकंच. शिवणाचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली; त्यात मशीन, कापायचं टेबल आणि कोट चढवून बघायला एक बिनडोक्याचा पुतळा. हात सफाईदार होता, गिऱ्हाइकं टिकून होती.

पण वडिलांच्या आजारपणात ती वॉर्डात त्यांच्या उशाशी बसली होती, आणि तेव्हापासून तिला परिचारिका व्हायचं होतं. इस्पितळात साहाय्यक परिचारिकांचा अभ्यासक्रम चाले. त्याला प्रवेश परीक्षा होती आणि वयाची अटही होती. यंदा हुकलं की दार कायमचं बंद. परीक्षेला जीवशास्त्र, आणि जीवशास्त्र म्हणजे शब्दांचा डोंगर.

थोरली नणंद त्याच इस्पितळात परिचारिका होती. ड्यूटीवरून घरी जाताना ती दुकानात डोकावायची आणि बसल्याबसल्या उलटतपासणी घ्यायची.

"केंद्रक म्हणजे काय गं?"

"पेशीचा मुकादम."

"तसं नाही लिहायचं! पेशीच्या सगळ्या क्रियांवर नियंत्रण ठेवणारा भाग. परीक्षक काही तुझा दीर नाही, अर्ध्यावर समजून घ्यायला."

टाचणी हसली, पण तिने मुकादम सोडला नाही. तिची रीतच तशी होती. पेशी म्हणजे टाका. एकसारखे टाके एका कामाला लागले की ऊती. निरनिराळ्या ऊती जोडून अवयव, जशी बाही किंवा कॉलर. असे अवयव मिळून झाली संस्था. पेशीपटल कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही ते ठरवतं, म्हणून ते दारावरचं माणूस. मशीन चालवताना ती हे सगळं टाचण्यांआडून पुटपुटायची. एक गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "बाई, कोटाला उशीर झाला तरी चालेल, पण शिव्या देऊ नका."

हृदयाची आकृती मात्र डोक्यात बसेना. मग तिने ती कापडावरच उतरवली आणि लाल-निळ्या दोऱ्यांनी शिवून काढली. शुद्ध रक्ताला लाल, अशुद्ध रक्ताला निळा. काम सुबक झालं. पुस्तकात बघून जागच्या जागी नावंही लिहिली आणि सगळं घोकून टाकलं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा नणंदेने विचारलं, "कोणत्या निलयाची भिंत जाड असते?"

"उजव्या," टाचणी ठामपणे म्हणाली.

"उजव्या? अगं, उजव्या कप्प्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांत रक्त ढकलायचं असतं. साऱ्या अंगाला पुरवठा डावा निलय करतो. जोर त्याला लागतो, भिंत त्याची जाड."

"पण माझ्या कापडावर तर..."

नणंदेने कापड ओढून घेतलं, शेजारी पुस्तक उघडलं आणि कपाळावर हात मारला. "आख्खं हृदय उलटं शिवलंस गं बाई!"

टाचणीच्या लगेच ध्यानात आलं. खडूच्या खुणा नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला करायच्या, सुलट बाजू कोरी ठेवायची, ही हाताची सवय. तिने आकृतीही उलट्या बाजूला उतरवली होती. कापड सुलट केलं आणि डावं-उजवं फिरलं. नावं मात्र पुस्तकातल्या जागीच पडली, आणि जाड भिंतीच्या निलयावर 'उजवा' लिहिलं गेलं.

"शिवलेलं उसवता येतं हो वन्सं," ती म्हणाली, "पाठ झालेलं कसं उसवायचं?"

"ते तुला ठाऊक. मी फक्त सुया टोचते."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या, हृदय उसवलं आणि या खेपेला कापडाच्या सुलट बाजूवर शिवलं. ते पुतळ्याच्या छातीवर टाचलं आणि स्वतः त्याच्यासमोर उभी राहिली. पुतळ्याचा डावा हात तिच्या उजवीकडे. त्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. सारा जन्म समोरच्या माणसाचं माप घेण्यात गेला होता. ती एकेक कप्पा बोटाने दाखवत मोठ्याने म्हणू लागली, "हा याचा डावा निलय, जाड भिंतीचा. ही याची महाधमनी." दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप घेताना ती आधी मनातल्या मनात त्याच्यावर हृदय बसवायची, मग खांदा मोजायची.

परीक्षेहून ती परतली तेव्हा नणंद दुकानाच्या पायरीवरच बसली होती.

"आली होती का आकृती?"

"आली होती. हात एकदा जुन्या बाजूला निघाला होता."

"अरे देवा! मग?"

"मग समोर पर्यवेक्षक उभे होते ना, त्यांच्यावरच बसवून घेतली. डावा खांदा जरा उतरता आहे बिचाऱ्यांचा. कोट कोणी शिवलाय कोण जाणे."

निकाल लागला आणि तिला जागा मिळाली. नणंदेने गणवेश आणून टेबलावर ठेवला. "हे बघ, उद्यापासून वॉर्डात मला वन्सं म्हणायचं नाही. सिस्टर म्हणायचं."

"बरं वन्सं," टाचणी म्हणाली आणि गणवेशाची कंबर आत घ्यायला बसली.