पाण्यापुरतं मागणं

किशिन गेल्याची बातमी मला गजानं सांगितली, अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या फाटकाशी. पाळी सुटल्याचा भोंगा वाजत होता, त्यामुळे बिचाऱ्याला ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं. विषमज्वरानं बघता बघता माणूस नेला. आता काही आठवडे लोटले, तरी माझा राग जात नाही. राग कुणावर, ते मात्र विचारू नका.

आमची तिघांची गाठ पडली ती एका होडीत. कॉलेजातल्या एका हौशी प्राध्यापकांनी नौकाशर्यतीचं खूळ आणलं आणि नवख्यांच्या संघात हाताला लागली ती पोरं भरली. मी विहिरीत पोहायला शिकलेला. गजा चामटोलीचा, अंगानं किरकोळ पण आवाज खणखणीत, म्हणून तो सुकाणूवर. किशिन उल्हासनगरच्या कॅम्पातला, फाळणीनंतर आईबरोबर कराचीहून बोटीनं आलेला. वल्हवणारे आम्ही चौघे, आणि चौघांचीही तोंडं मागे. पुढचं दिसायचं ते एकट्या गजाला. आम्ही समोरच्याच्या पाठीवर नजर ठेवायची. ताल धरणारा किशिन गजाच्या अगदी समोर बसे, त्यामुळे मागे सोडलेला काठ त्याला उघडा दिसायचा. शहाडजवळ नदीवर आमचा सराव चाले. वल्ही एकमेकांवर आपटायची, होडी जागच्या जागी गरगरायची, धुणं धुणाऱ्या बायका पोट धरून हसायच्या... तळहाताचे फोड दाखवत किशिन एकदा मला म्हणाला, "अम्माला सांगू नको हां. तिला बोललोय, कॉलेज में खो-खो खेलता हूँ."

का सांगायचं नाही, तेही त्यानंच सांगितलं, त्यांच्या बराकीबाहेर पापड वाळत होते तिथे उभं राहून. बोटीवर त्याची धाकटी बहीण तापानं गेली आणि तिला समुद्रात सोडावं लागलं. सिंधी माणूस पाण्याला देव मानतो, मग नदी असो की समुद्र, त्याला 'दर्या'च म्हणतो. तांदळात दूध-साखर कालवून नदीला वाहायचं, त्याला ते 'अखो' म्हणतात. अम्मानं इथे आल्यावर ते बंद केलं. ज्यानं मुलगी घेतली त्याला साखर कसली द्यायची, असा तिचा रोकडा सवाल. ती नदीकडे फिरकतच नसे. किशिनला मात्र एकच धास्ती होती, की एखाद्या दिवशी ही पाण्यात जाईल ती परत यायची नाही. तो अभ्यासात ढ नव्हता, पण रात्ररात्र जागा असायचा, वर्गात त्याचं लक्ष नसायचं ते यामुळे.

शर्यतीच्या दिवशी कॅम्पातल्या कुणीतरी चोंबडेपणा केला. "तुझं पोरगं नदीत होडी पळवतंय," असं अम्माच्या कानावर गेलं. इकडे आम्ही चक्क पुढे होतो! दुसऱ्या कॉलेजची होडी आमच्या नजरेसमोर आली, म्हणजे ती मागे पडली, एवढं गणित आम्हाला जमत होतं. आणि तेवढ्यात किशिनची पाठ थांबली. त्यानं वल्हं सोडलं. माझं वल्हं त्याच्या वल्ह्यावर आदळलं, होडी आडवी झाली. "आरं वल्हव ना रं! मेला का काय?" गजा ओरडला. किशिननं फक्त "अम्मा" म्हटलं आणि उडी घेतली. जिथून निघालो होतो त्या काठाशी त्याची आई गुडघाभर पाण्यात उतरून आणखी पुढे जात होती.

आम्ही कशीबशी होडी काठाला लावली तेव्हा ती त्याला मारत होती. दोन्ही हातांनी, ओल्या कपड्यांवर फटाफट. मग त्याला कवटाळून रडली. तिच्या पदराला तांदूळ आणि साखर चिकटलेली होती. जीव द्यायला नव्हती आली बाई, इतक्या दिवसांचं भांडण मोडून अखो वाहायला आली होती. गजा महिनाभर किशिनशी बोलला नाही. किशिन मात्र त्या दिवसापासून झोपायला लागला, अगदी वर्गातसुद्धा. पुढे दर अमावास्येनंतर चंद्राची कोर दिसली, की तो अम्माला अखो वाहायला नदीवर नेई. आणि आम्हाला होडीत बसायची उघड परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी आम्ही शेवटून पहिले आलो.

किशिन गेल्यानंतर मी त्याच्या बराकीत गेलो. मीच त्या शर्यतीचा विषय काढला. अम्मा पापड लाटायची थांबली.

"उस दिन दर्या से क्या माँगा था, मालूम है? बोली, पानी में मेरे बेटे को कुछ मत होने देना." मग म्हणाली, "दर्या ने अपना वचन रखा. मैंने ही खाली पानी का बोला... बुखार का नहीं बोला."

मला तिथे बसवेना. सांत्वन करायला गेलेला मी तसाच परतलो.

परवा चंद्राची कोर दिसली. अम्मा आता कुणाबरोबर जाणार, म्हणून मी आणि गजा गेलो, तर ती अखोची वाटी घेऊन दारातच उभी. नदीवर आम्ही दोघं तिला धरून पाण्यात उतरलो. "इस बार सब बोलूँगी," ती म्हणाली. आणि खरंच सगळं बोलली. पाणी, ताप, रेल्वे, कारखान्यातली यंत्रं, साप, विजेची तार... यातून सांभाळ म्हणाली. कुणाला सांभाळ, हे सांगताना आधी सवयीनं किशिनचं नाव घेतलं. वाटीतले तांदूळ पाण्यात सोडले. आम्ही तिच्याकडे बघितलं नाही. मग तिनं गजाचं नाव घेतलं, आणि माझं.