माजिवड्याच्या हळदीची सीडी

माझे आबा, म्हणजे काळुराम, पालिकेत वॉल्वमन होते. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालायची, फिरवायची, की पाणी आलं. चावी फिरवण्याआधी ते शीळ घालायचे, म्हणजे बायकांनी हंडे लावून घ्यावेत. आता वय एकाहत्तर, तरी सकाळी साडेपाचला कोपरच्या आमच्या गॅलरीत अजून शीळ वाजते आणि शेजारच्या केशरबाई ओरडतात, “काळूदादा, पानी कवाच आलंय, गप बसा आता!”

कुठली पालिका ते सांगत नाही. आमच्याकडे दर चार स्टेशनांमागे एक आहे.

तर या पालिकेने आबांना चोर ठरवलं. चौदा वर्षांपूर्वी मे महिन्यात एका संध्याकाळी कुणीतरी वॉल्व उघडून टँकरवाल्याला पाणी दिलं. हजेरीपटावर सही आबांची. झालं! पण आबा त्या संध्याकाळी ड्यूटीवर नव्हतेच. ते माजिवड्याला धनेशकाकाच्या हळदीत नाचत होते. सही ठोकलेली गोविंदाकाकांनी. वॉल्वमन लोकांत तशी पद्धतच होती. तुझ्याकडे हळद, तुझी सही मी करतो. माझ्याकडे साखरपुडा, माझी तू कर.

खटल्यात आबांनी काय सांगावं? “सही माजीच हाय.” खरं बोलले असते तर गोविंदाकाकांची नोकरी जात होती, आणि त्यांच्या तीन पोरी लग्नाच्या. आबांना वाटलं, पाण्यापायी कोण जेलात घालतंय. घातलं. चौदा महिने.

आजी, गोदा, धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना गाणी म्हणणारी बाई. ती बसल्याशिवाय हळद लागायची नाही. आबा आत गेले आणि तिला बोलावणी यायची थांबली. चोराच्या बायकोला कोण पुढे बसवणार? तिने घरातलंही गाणं बंद केलं. आठव्या महिन्यात गेली. मी तेव्हा चार वर्षांची. मला तिचे हात आठवतात, आवाज नाही.

पुढे गोविंदाकाका रिटायर झाले, वकिलासमोर जाऊन ढसाढसा रडले आणि सगळं लिहून दिलं. धनेशकाकाने कपाटातून हळदीची सीडी काढून थेट वकिलाच्या हातात ठेवली. कोपऱ्यात तारीख, वेळ, सगळं. अपिलात जजसाहेबांनी ती आपल्या चेंबरमध्ये पाहिली. आबा बाहेर बाकावर. निर्दोष सुटले, आणि मग त्यांनी पालिकेवर नुकसानभरपाईचा दावा लावला.

आमच्या वकील ऋजुताताई कागद भरताना म्हणाल्या, “काका, तुम्हाला नक्की काय हवंय?”

आबा म्हणाले, “ती सीडी.”

“ती कोर्टाच्या रेकॉर्डला आहे, काका.”

“तीत गोदा गातेय. दुसरीकरं कुटंच नाय तिजा आवाज.”

खरंच नव्हता. तेव्हा आमच्याकडे बटणांचा मोबाईल होता, आणि शूटिंगवाल्याचा स्टुडिओ कधीच बंद झालेला. ताईंनी प्रतीसाठी अर्ज केला. पालिकेने हरकत घेतली की सीडी खरी की बनावट हेच ठरायचंय. पाच वर्षं ती लाल लाखेच्या पाकिटात. आबा प्रत्येक तारखेला जायचे, कारकुनाच्या टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघायचे आणि परत यायचे. घरी विचारलं की म्हणायचे, “हाय, हाय. बरी हाय.”

यंदा पालिकेने बाहेरचे वकील नेमले. त्यांच्या स्वतःच्या स्वप्ना मॅडम होत्या की, इथल्याच, आमच्या चार हळदी जेवलेल्या. पण साहेब लोकांना मुंबईचा मोठा वकील हवा होता. ऋजुताताईंचा चेहरा पडला. आबा घाबरले, “हा मानूस सीडी खोटी ठरवल. मंग ती फेकून देतील काय गो?”

तारखेला मी आबांबरोबर गेलेले. मोठे वकील तासभर उशिरा आले, माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेले. मागे दोन ज्युनियर, हातात फायलींचे डोंगर. आबा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे. जजबाईंनी स्टूल द्यायला सांगितलं तर म्हणाले, “नको म्याडम. वॉल्वमन उबाच बरा.” पट्टेवाल्याने तरी स्टूल मागे ठेवलंच.

वकीलसाहेब घसा साफ करून सुरू झाले. मराठी स्वच्छ, इस्त्री केलेली. “हळद म्हणजे, करेक्ट मी इफ आय एम राँग, हळद लावायची. दहा मिनिटांचं काम. आणि तुम्ही म्हणता, पाच ते दहा तुम्ही तिथेच होता?”

“सायेब, धा मिंटांत आमच्यात नवऱ्याची मावशी पन येत नाय.”

मागचे बाक हसले. पट्टेवाला तर तोंड फिरवून हसला. साहेबांना राग आला. “मग ती सीडी लावा. ओपन कोर्टात. बघूच किती नाचलात ते.”

स्वप्ना मॅडम मागून कुजबुजल्या, “सर, नको. सर, प्लीज, हळद आहे ती!” साहेबांनी हातानेच त्यांना बसवलं.

कोर्टाच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नव्हती. पण ज्युनियरच्या बॅगेत ड्राइव्ह निघाला. बाहेरच्या वकिलांकडे सगळं असतं.

पाकिटाची लाख फुटली. स्क्रीनवर मंडप, बेंजोचा दणदणाट, कोपऱ्यात सहा चाळीस. डोक्याला टॉवेल बांधून आबा! काय नाचतायत, बापरे. साहेब म्हणाले, “पुढे घ्या, तारीख कुठे तुटते ते बघू.” सहा पन्नासला बेंजो थांबला आणि एका बाईने सूर लावला. जरा खरखरीत, खालून वर चढणारा, शेवटचा शब्द लांब ओढून नाकात नेणारा. मला कुणी सांगावं लागलं नाही.

आबांनी कठडा धरला.

गाणं मध्येच तुटलं. स्क्रीनवर हिरवी चोळी, हळदीने माखलेला हात वर झाला आणि आजी ओरडली, “आवो, बसा आता! कंबर मोरंल!”

आणि आबा बसले. पिंजऱ्यातल्या त्या स्टुलावर, पटकन, मान खाली घालून, बायकोने सांगितल्यासारखे.

साहेबांनी ज्युनियरला हात केला. “थांबवा. पुरे.”

“सायेब,” आबा बसूनच म्हणाले, “नीट बगितलंव ना? खोटी असंल तर? आजून एकदा लावा की.”

जजबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग साहेबांकडे. “तुमचा साक्षीदाराला आणखी काही प्रश्न आहे?”

“त्या भागाबद्दल... पुढच्या तारखेला, मॅडम.”

सीडी नव्या पाकिटात गेली. प्रतीच्या अर्जावरही पुढची तारीख. रिक्षात ऋजुताताई खूश, म्हणत होत्या, पालिकेनेच आपला पुरावा वाजवला, केस आता आपली आहे. आबांचं लक्षच नव्हतं. ते ओठांवर ओठ दाबून तोच सूर आतल्या आत शोधत होते. खालून वर चढेपर्यंत सापडायचा, शेवटच्या शब्दाला हरवायचा. दोनतीनदा झालं तसं.

कोपर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “ताई, फुरच्या तारखेला तेच सायेब येतील ना?”

“येतील. का हो?”

“नाय, पालिकेला सांगा, वकील बदलू नुका. मानूस चांगला हाय. गानं आर्धं राह्यलंय.”