पदराआडचं हसू

माझं शिक्षण हे सीताअक्काचं देणं आहे. मला शिकता यावं म्हणून माझ्या या थोरल्या बहिणीनं शाळा सोडली.

आज विद्यापीठात एक नवी विद्यार्थिनी हसली आणि तिनं चटकन ओढणी तोंडाशी नेली. लहानपणी ती कसलं पाणी प्यायली असेल, ते मला कळलं. अक्काही अशीच पदराआड हसते. आमच्या हापशाच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं गावाचे दात तपकिरी केले. ते पाणी शुद्ध करणारं यंत्र मी तयार केलं, त्यावर डॉक्टरेट मिळाली. यंत्र अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहे. इथून एसटीनं मी एका दिवसात गावी पोचतो. यंत्राला इतकी वर्षं का लागावीत, हे माझ्या प्रबंधात कुठेच नाही.

"तुझ्या यंत्राचं पाणी कधी पाजतोस रे?" मागे अक्कानं फोनवर विचारलं होतं.

"अगं, त्यावरचा लेख छापून आलाय."

"मग तो लेखच बांध हापशाला," म्हणत ती हसली.

संध्याकाळी अक्काच्या लहानग्या लेकीची, चिमीची आठवण झाली आणि अक्काला पत्र टाकलं: "अक्का, तुझ्या चिमीचे पक्के दात अजून हिरडीत घडताहेत. या सुट्टीत यंत्र घेऊनच येतो. तिला तोंडावर हात ठेवायला शिकवू नकोस."